मेंढ्याचें जंगल आणि निस्ताराचा हक्क

गडचिरोलीहून धानोऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावर सुमारें ३० किलोमीटरवर मेंढा नांवाचें एक लहानसें गांव आहे. शेजारच्या लेखा गांवाचें नांव जोडून लोक त्यास मेंढा-लेखा म्हणतात. वस्ती जवळ जवळ सर्व गोंडांची, घरें सुमारें शंभर, शेती धानाची आणि तीहि बहुतांशीं वरच्या पावसाची. बाजारांत ज्याचें नांव व्हावें असें कोणतेंहि पीक तेथें पिकत नाहीं. तरीसुद्धां या गांवाविषयीं आमच्या शेतकरी वाचकांस चार शब्द सांगावे असें आम्हीं मनांत आणिलें, याचें कारण त्याच्या भोंवतालचें जंगल होय. हें जंगल सुमारें १८०० हेक्टर, म्हणजे जुन्या मोजणीनें साडेचार हजार एकरांच्या जवळपास आहे. २००९ सालीं सरकारनें त्यावर गांवाचा सामूहिक हक्क लेखी मान्य केला. सबंध देशांत असा हक्क प्रथम मिळालेल्या गांवांत मेंढ्याची गणना होते. आणि विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या जुन्या वहिवाटीवर हा हक्क उभा आहे, तीच वहिवाट पूर्व विदर्भांतील पुष्कळशा मौजांच्या दप्तरांत निस्ताराच्या नांवानें नमूद आहे. परंतु तो कागद उघडून पाहणारे शेतकरी फार थोडे.

आम्हीं महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्याचीं बरींच वर्षें घालविलीं. तेथें शेतकरी येतो तो सात-बाराच्या उताऱ्यासाठीं, फेरफारासाठीं, फार तर वाटणीच्या तंट्यासाठीं. स्वतःच्या खात्यांत असलेली जमीन तेवढी आपली, आणि खात्याबाहेर जें जें आहे तें सरकारचें, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. वास्तविक त्याच्या नांगराचें लांकूड, कुंपणाची काटी, घराच्या बल्ल्या, चुलीचें सरपण, गुरांची चराई आणि बोडींत येणारें पाणी हें सर्व त्या खात्याबाहेरच्या जमिनीवरून येतें. त्या जमिनीवर गांवाचा अधिकार काय, हें ज्या कागदांत लिहिलेलें असतें त्यास निस्तार पत्रक म्हणतात. गांवच्या इतर रूढी, म्हणजे रस्ता, पाणी, मासेमारी इत्यादींविषयींच्या वहिवाटी, ज्यांत नोंदिलेल्या असतात त्यास वाजिब-उल-अर्ज हें जुनें फारसी नांव आजहि चालूं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांत कलम १६१ निस्तार पत्रकाचें व कलम १६५ वाजिब-उल-अर्जाचें आहे. हीं कलमें विदर्भापुरतीं घातलीं गेलीं, याचें कारण आमच्या प्रांताच्या इतिहासांत आहे.

नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्यापुढील बंदोबस्तांत जे पूर्वी केवळ वसुलाचे ठेकेदार किंवा पाटील होते त्यांस गांवाचे मालक, म्हणजे मालगुजार, ठरविण्यांत आलें. चांद्याच्या पूर्वेकडील डोंगरी भागांत जमीनदाऱ्या होत्या. तेथें जमीनदाराकडे कित्येक गांवें आणि त्यांचें अफाट जंगल असे. गांवाच्या हद्दींतील रान याप्रमाणें मालकाचें झालें खरें, परंतु रयतेस त्यांतून घरखर्चापुरतें लांकूड, गवत, काटी घेऊं देण्याचें बंधन त्याजवर होतें, आणि तें बंधन बंदोबस्ताच्या वेळीं वाजिब-उल-अर्जांत लिहून ठेविलेलें असे. मालगुजार भला असला तर हें सुरळीत चाले. नसला तर बेगार आणि भेट दिल्यावांचून काटकीहि मिळत नसे. तथापि लेख होता, आणि लेख असल्यामुळें तक्रार करण्यास जागा होती.

सरकारी जंगलाची गोष्ट निराळी. त्यासाठीं १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकामागून एक कायदे झाले. यांतील १९२७ चा कायदा आजहि अंमलांत आहे. त्याचें नववें कलम शेतकऱ्यानें एकदां तरी वाचावें असें आहे. एखादें रान राखीव करावयाचें ठरलें म्हणजे प्रथम जाहीरनामा निघतो, आसपासच्या गांवीं स्थानिक भाषेंत तो प्रसिद्ध होतो, आणि किमान तीन महिन्यांच्या मुदतींत ज्याचा जो हक्क असेल त्यानें तो वनजमाबंदी अधिकाऱ्यापुढें मांडावयाचा असतो. जो हक्क मांडला गेला नाहीं आणि चौकशींतहि जो अधिकाऱ्यास कळला नाहीं, तो नष्ट झाला असें समजलें जातें. मुदत चुकण्यास सबळ कारण असल्याचें शेवटची अधिसूचना निघण्यापूर्वीं पटवून दिलें तरच सुटका होते. ज्या काळीं गांवांत वाचतां येणारा एक मनुष्य मिळण्याची मारामार, त्या काळीं तीन महिन्यांत अर्ज किती आले असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. शेकडों वर्षांची वहिवाट अर्ज न दिल्यामुळें गेली, आणि तिच्या जागीं खात्याच्या मर्जीनें मिळणारी सवलत आली. हक्क आणि सवलत या दोन शब्दांतील अंतर बोलण्यांत फारसें जाणवत नाहीं, पण दप्तरांत तें जमीन-अस्मानाचें आहे. सवलत देणारा ती केव्हांहि काढून घेऊं शकतो. हक्क काढून घ्यावयाचा तर कारण दाखवावें लागतें, चौकशी करावी लागते, आणि पुष्कळदां मोबदला द्यावा लागतो.

मालगुजारी जंगलांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. मालकी हक्क जाणार हें दिसूं लागतांच पुष्कळ मालकांनीं ठेकेदार बोलावून मिळेल त्या किंमतीस उभें रान कापून घेतलें. १९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या सरकारांत विलीन झाल्या. त्यांबरोबर रानें, तलाव, गांवठाण सर्वच सरकारजमा झालें. रयतेचा निस्तार मात्र कायम ठेवावा असें कायद्यानेंच म्हटलें होतें, आणि पुढें निस्तार पत्रकें तयार झालीं तीं याच कारणानें. १९५६ सालीं आमचे जिल्हे मुंबई राज्यांत आले, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. दप्तरांच्या गठ्ठ्यांनीं या काळांत जितका प्रवास केला तितका त्यांतील हक्कांच्या अंमलबजावणीनें केला नाहीं. जीं मालगुजारी जंगलें सरकारांत आलीं त्यांचें पुढें संरक्षित किंवा राखीव वनांत रूपांतर होत गेलें. निस्ताराचें लांकूड डेपोवरून ठराविक दरानें मिळूं लागलें, आणि लोकहि त्यास सरकारची मेहेरबानी समजूं लागले.

मेंढ्याचें जंगल या सर्व फेऱ्यांतून गेलेलें आहे. तें पानगळीचें मिश्र रान आहे. साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू, चार, हिरडा, बेहडा, आंवळा हीं झाडें त्यांत आहेत, आणि त्यांच्या खालीं सर्वत्र बांबू. हा बांबू म्हणजेच या प्रदेशांतील सर्व तंट्यांचें मूळ. कागदाच्या गिरण्यांस सरकारनें बांबू तोडण्याचे दीर्घ मुदतीचे ठेके दिले होते. गिरणीचीं माणसें येत, सांपडेल तो बांबू तोडीत, आणि ज्या गांवकऱ्यास टोपली विणावयास दोन बांबू हवे असत त्यास मात्र वनरक्षकाची भीति बाळगावी लागे.

१९८० नंतरच्या दशकांत इंचमपल्ली व भोपालपट्टणम येथें मोठीं धरणें बांधण्याच्या योजनेविरुद्ध या भागांत आंदोलन उभें राहिलें. बाबा आमटे त्यांत होते. त्या चळवळींतून मेंढ्यासारख्या गांवांत विचार सुरू झाला कीं, जंगल आपलें म्हणावयाचें तर तें सांभाळण्याचा भारहि आपण उचलला पाहिजे. देवाजी तोफा हे गांवचे पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले कार्यकर्ते. या दोघांनीं भाषणें करण्याऐवजीं अभ्यास गट चालविले, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. संध्याकाळीं लोक जमत, एखादा कायदा किंवा एखादा व्यवहार घेऊन बसत, आणि तो सर्वांस समजेपर्यंत सोडीत नसत. गांवसभेंतील निर्णय बहुमतानें न करतां सर्वसंमतीनें करावयाचा असाहि दंडक त्यांनीं घातला. आमच्यासारख्या कचेरींत आयुष्य गेलेल्यास ही पद्धत प्रथम फार मंद वाटते. परंतु जंगलाच्या बाबतींत एक घर जरी नाराज राहिलें तरी तें रात्रीं कुऱ्हाड घेऊन जाण्यास मोकळें असतें, हें ध्यानांत घेतां त्या मंदपणांत शहाणपण होतें असें म्हणावें लागतें.

याच सुमारास घोटुलाचें प्रकरण झालें. घोटुल म्हणजे गोंडांच्या तरुण मुलामुलींची एकत्र जमण्याची जागा. मेंढ्याच्या लोकांनीं निस्ताराच्या जुन्या चालीप्रमाणें जंगलांतून सागाचें लांकूड आणून तो बांधला. खात्यानें ती तोड बेकायदा ठरवून लांकूड उचलून नेलें. तेव्हां आसपासच्या गांवांनींहि आपापल्या गांवीं घोटुल बांधण्याचें ठरविलें, आणि एकट्या गांवाचा गुन्हा सर्वांची वहिवाट होऊन बसला.

त्यानंतर गांवानें स्वतःसाठीं नियम केले. बाहेरच्या कोणासहि गांवसभेच्या परवानगीवांचून जंगलांतून कांहीं नेतां येऊं नये. गांवकऱ्यानेंहि घरच्या गरजेपेक्षां अधिक नेऊं नये. फळासाठीं किंवा मधासाठीं झाड पाडूं नये. जंगलांत अतिक्रमण करूं नये. वणवा लावूं नये, आणि लागल्यास सर्वांनीं विझविण्यास जावें. हे नियम वाचावयास सोपे आहेत. परंतु चारोळीच्या दिवसांत फांदी ओढून फळें काढण्यापेक्षां झाडच पाडणें किती सोईचें असतें, हें ज्यानें रान पाहिलें आहे त्यास ठाऊक आहे. राज्य सरकारनें १९९२ च्या मार्चांत संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव काढला होता. तो मुख्यतः उजाड रानांसाठीं होता, तरी मेंढ्यानें आपलें उभें जंगल त्यांत घ्यावें म्हणून पिच्छा पुरविला, आणि खात्याबरोबर कांहीं वर्षें त्या पद्धतीनेंहि काम केलें.

खरा पालट २००६ च्या वनहक्क कायद्यानें झाला. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अंमलांत आला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजीं निघाले. या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत निस्ताराचा हक्क नांवानिशीं आलेला आहे, आणि त्याच कलमांत गांवानें परंपरेनें राखलेलें जंगल सांभाळण्याचा, वाढविण्याचा व त्याची व्यवस्था करण्याचा हक्कहि दिलेला आहे. ज्या शब्दाला शंभर वर्षें सवलत म्हणत आले, त्याला येथें प्रथमच मोकळेपणानें हक्क म्हटलें गेलें. मेंढ्यानें दावा दाखल केला आणि २००९ सालीं तो मान्य झाला.

एवढ्यानें काम भागलें असें मात्र नाहीं. १९२७ च्या कायद्यांत वृक्ष या शब्दाच्या व्याख्येंत बांबू येत होता, म्हणून खातें बांबूस इमारती लांकूड समजे. नव्या कायद्यांत तोच बांबू गौण वनउपज म्हणून लिहिलेला, म्हणजे गांवाच्या मालकीचा. एका कायद्यानें गांव मालक, आणि दुसऱ्या कायद्यानें वाहतुकीचा परवाना देणारा दुसराच! परवान्यावांचून गाडी रस्त्यावर येत नाहीं, आणि गाडी रस्त्यावर आल्यावांचून मालकीस पैशाची किंमत नाहीं. १५-२० महिने हा घोळ चालला. अखेर मार्च २०११ मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनीं राज्यांना पत्र लिहून बांबू गौण वनउपज असल्याचें कळविलें, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत वाहतूक परवान्यांचें पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यांत आलें. २०१२ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन ही परवान्याची बाब ग्रामसभेच्या समितीकडे आली. ज्या वाचकांच्या धुऱ्यावर बांबू आहे त्यांच्यासाठीं येथेंच नमूद करतों कीं, २०१७ च्या नोव्हेंबरांत वटहुकूम निघून व पुढें कायदा होऊन वृक्षाच्या व्याख्येंतून बांबू वगळला गेला आहे. शेतावर लाविलेला बांबू आतां जंगलच्या कायद्यानें वृक्ष ठरत नाहीं. जंगलांतील बांबूस मात्र वनोपज म्हणून नियम लागूं आहेत.

आतां हातीं आलेला बांबू तोडावा कसा, हा मुख्य धडा. कारण हक्क मिळाला आणि दोन हंगामांत बेटें साफ झालीं, तर कागदाचा उपयोग काय? आमच्या भागांत बहुधा भरीव जातीचा बांबू असतो, त्यास मानवेल म्हणतात. या बांबूचा कोंब पावसाळ्यांत जमिनींतून वर येतो आणि दोन-तीन महिन्यांत आपली पुरी उंची गांठतो. पुढें तो उंच होत नाहीं कीं जाडहि होत नाहीं. केवळ आंतून पक्का होत जातो. याला सुमारें तीन वर्षें लागतात. पहिल्या वर्षाचा बांबू कोंवळा व पाणेरी असतो, त्याच्या पेरांवर शेंदरी-पिंवळे आवरण चिकटलेलें असतें. पक्क्या बांबूचा रंग पालटतो आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनें ठोकल्यास खणखणीत आवाज येतो.

नवीन कोंबास अन्न मिळतें तें जमिनींतील कंदांतून, आणि कंदास जोर येतो तो त्यावर उभ्या असलेल्या एक-दोन वर्षांच्या बांबूच्या पानांमुळें. म्हणून चालू वर्षाचा व मागील वर्षाचा बांबू तोडणें म्हणजे दूध देणारी गाय सोडून तिचें वासरूच नव्हे, तर गायच कसायास देण्यासारखें आहे. ठेकेदारास याचें सोयरसुतक नसतें, कारण पुढच्या सालीं त्याला येथें यावयाचें असेलच असें नाहीं. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेस येतात, आणि तोडणारा नेमका कडेचाच बांबू तोडतो, कारण तो हाताशीं असतो. मधले जुने बांबू गुंतून, वाळून, कुजून जातात, बेट दाटतें, आणि कोंबास वर येण्यास जागा राहत नाहीं. शहाण्यानें बेटाची एक बाजू मोकळी करून आंत शिरावें व मधले पक्के बांबू काढावे. वरून पाहिल्यास बेट घोड्याच्या नालीसारखें दिसावें. प्रत्येक बेटांत नव्या कोंबांस आधार म्हणून आठ-दहा पक्के बांबू उभे ठेवावे. तोड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या लगत वर करावी. दोन पेरांच्या मध्यें तोडल्यास त्या पोकळींत पाणी साचून कीड लागते. जुलै ते सप्टेंबर कुऱ्हाड बेटाजवळ नेऊं नये. कोंब, ज्यास आमच्याकडे वास्ते म्हणतात, ते भाजीस सर्वांनाच प्रिय आहेत. पण एका बेटाचे सर्व वास्ते खुडले तर त्या बेटास तीन वर्षांनीं तोडावयास बांबू राहणार नाहीं, हा हिशेब चुलीजवळहि सांगितला पाहिजे. जंगलाचे तीन किंवा चार भाग पाडून एका सालीं एकाच भागांत तोड केली म्हणजे प्रत्येक बेटास मध्यें दोन-तीन सालें विश्रांति मिळते.

बांबूस कित्येक दशकांनीं एकदां फुलोरा येतो आणि मग सबंध रानचा बांबू बीं टाकून मरतो. अशा वेळीं वाळलेलीं बेटें तोडण्याची घाई होते, पण बीं पडून जाईपर्यंत थांबावें. आणि त्यापुढें चार-पांच वर्षें त्या भागांत गुरें व आग येऊं देऊं नये, कारण नवीं रोपें गवतासारखीं कोंवळीं असतात. ज्या गांवानें एवढा धीर धरला नाहीं त्याचा बांबू एका पिढीपुरता गेला असें समजावें.

आगीविषयीं दोन शब्द. वणवा आपोआप लागतो असें लोक म्हणतात. आमच्या रानांत तो बहुधा मोहफुलांच्या दिवसांत लागतो. फुलें वेंचण्यास जमीन स्वच्छ असावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो, आणि ती आग पुढें चार मैल चालते. तेंदूस चांगली पालवी फुटावी म्हणूनहि आग लावितात. झाडाखालचा पाचोळा खराट्यानें लोटून घेतला किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर तेंच काम होतें. खर्च तासाभराच्या मेहनतीचा. तेंदूचा व्यवहार स्वतःच लिलाव करून चालविणाऱ्या ग्रामसभा आतां झाल्या आहेत, त्याविषयीं पुन्हां केव्हां तरी लिहूं.

आमचे वाचक जमीनवाले आहेत, त्यांस वाटेल कीं हा सर्व आदिवासी गांवांचा मामला आहे. तसें नाहीं. धानाच्या बांधीस रोवणीच्या वेळीं जें पाणी लागतें तें बोडींतून व जुन्या मालगुजारी तलावांतून येतें, आणि तलावांत येणारें पाणी ज्या उतारावरून येतें तो उतार म्हणजे जंगल. तो उघडा पडला म्हणजे पहिल्या सरीबरोबर गाळ येतो, दहा-वीस वर्षांत तलाव उथळ होतो, आणि पाळ उंच करण्यासाठीं सरकारकडे अर्ज करावा लागतो. ज्याच्या खात्यांत जास्त जमीन, त्याचें नुकसानहि जास्त. शिवाय वनहक्क कायदा केवळ आदिवासींपुरता नाहीं. इतर पारंपरिक वननिवासींसहि तो लागूं आहे. मात्र त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, त्या भागांत राहून जंगलावर निर्वाह करीत असल्याचें दाखवावें लागतें. ही अट कठीण आहे, यांत शंका नाहीं, आणि जुना कागद येथेंच कामास येतो.

मेंढ्यानें २०१३ सालीं ग्रामदानाच्या १९६४ च्या कायद्याखालीं स्वतःच्या शेतजमिनीहि ग्रामसभेच्या नांवें करण्याचें ठरविलें. हें ऐकून कांहीं वाचक दचकतील. त्यांनीं निश्चिंत असावें. जंगलाच्या हक्कासाठीं कोणी आपला सात-बारा सोडण्याची गरज नाहीं, या दोन गोष्टी अगदीं वेगळ्या आहेत. आमचें मत विचाराल तर ग्रामदान हें त्या गांवच्या एकोप्याला शोभणारें असलें तरी आपल्याकडील भाऊबंदकींत तें निभावेल असें वाटत नाहीं. तसेंच मेंढ्याची सर्वसंमति सर्वत्र साधेल असेंहि आम्ही म्हणत नाहीं. ज्या गांवांत दोन तट आहेत तेथें जंगलाचा पैसा आला कीं तिसरा तट पडतो, आणि हिशेब चावडीवर वाचून न दाखविल्यास तोच हक्क चार जणांचा होऊन बसतो. शेजारच्या गांवाशीं शिवेचा तंटा तर ठरलेलाच.

ज्यांस आपल्या गांवाचें काम हातीं घ्यावयाचें आहे त्यांनीं प्रथम तहसिलांतून किंवा जिल्हा अभिलेख कक्षांतून आपल्या मौजाचें निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज व बंदोबस्ताचा नकाशा यांच्या प्रमाणित नकला काढाव्या. अर्जांत मौजा, तहसील व बंदोबस्ताचें साल स्पष्ट लिहावें. "जुनें रेकॉर्ड" असें मोघम लिहिल्यास शोध लागत नाहीं. नक्कल हातीं आल्यावर कोणता निस्तार कोणत्या खसरा नंबरांतून लिहिला आहे तें नीट वाचावें, आणि ते नंबर आज कोणत्या वनखंडांत पडतात तें पटवारी व वनरक्षक या दोघांकडूनहि ताडून पहावें. मग गांवांतील वृद्धांस घेऊन शिवेवर एक फेरा मारावा. दावेदार नसलेल्या वृद्धांचा लेखी जबाब हाहि नियमाप्रमाणें पुरावा असतो, आणि दाव्यास किमान दोन पुरावे लागतात. दावा 'क' नमुन्यांत ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे जातो, तेथून जिल्हाधिकारी ज्या समितीचे अध्यक्ष आहेत त्या जिल्हा समितीकडे. ठरावाच्या सभेस निम्मे सभासद हजर हवे आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश स्त्रिया हव्या. सह्या व अंगठे त्याच दिवशीं घ्यावे, मागाहून घरोघर हिंडून घेऊं नयेत. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावें. त्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत वरच्या समितीकडे जातां येतें. सर्व अर्जांची पोंच, तारखेसह, ग्रामसभेच्या एका वेगळ्या वहींत चिकटवून ठेवावी, आणि ती वही सरपंचाच्या घरीं न ठेवतां सर्वांस पाहतां येईल अशा जागीं ठेवावी.